तलावातलं औषध

१९ ऑगस्ट, मंगळवार
तलाव गप्प आहे. संध्याकाळी टेंभुर्णीच्या पाझर तलावाचा अख्खा काठ फिरले — एक बेडूक ओरडला नाही. एमएस्सीच्या प्रकल्पासाठी त्यांचे आवाज रेकॉर्ड करायचे होते. मोबाईलमध्ये नुसता वारा आला. गेल्याच आठवड्यात इथे शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नव्हतं!

२१ ऑगस्ट
उथळ पाण्यात बेडूक मरून पडलेत. पोटं वर, पाय ताठ. बेडकांवर जगणारे दोन पाणदिवड सापही मेलेले. आणि एक मऊ पाठीचं कासव, मान बाहेर टाकून. चारी बाजूंचं पाणी बाटल्यांत भरलं, मेलेले बेडूक बर्फाच्या डब्यात घातले आणि सगळं विद्यापीठात माझ्या प्रकल्पाच्या मार्गदर्शक मॅडमकडे पोचवलं.

घरी दादांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, आता तिकडं जाऊ नको. आई गेल्यापासून घरात आम्ही बापलेक दोघंच. माझी काळजी जरा जास्तच करतात.

२२ ऑगस्ट
तलावाच्या वरच्या अंगाला कल्याणकाकांची कपाशी आहे. रविवारी फवारणी झाली आणि त्यांनी पंप तलावातच धुतला. मी पाहिलंय. दुसरं कोण असणार?

पण हेच कल्याणकाका. तीन वर्षांपूर्वी आईला याच काठावर नाग चावला, तेव्हा यांनीच तिला जीपमध्ये घालून जालन्याकडे पळवलं होतं. त्यांच्या बायकोच्या, नंदाकाकूंच्या मांडीवर तिचं डोकं होतं. रस्त्यातच गेली.

त्यांच्याविरुद्ध कसं बोलू? आणि न बोलून कसं चालेल — गुरं हेच पाणी पितात.

२५ ऑगस्ट
बोलले. ग्रामपंचायतीत, सगळ्यांसमोर.

कल्याणकाका भांडले नाहीत. एवढंच म्हणाले, "पंधरा वर्षं झाले, तिथंच पंप धून राह्यलो. मंग बेडकं आत्ताच कशी मेली?"

लोक मात्र त्यांच्यावर तुटून पडले — कुणाची म्हैस आजारी, कुणाच्या पोराच्या अंगाला खाज, सगळं त्यांच्याच माथी. मी कुणालाच थांबवलं नाही. दादा सोबत होते. पूर्ण वेळ मान खाली. माझी लाज वाटली असेल त्यांना? का कल्याणकाकांची कीव आली?

२८ ऑगस्ट
नंदाकाकूंनी मला येताना पाहिलं आणि दार लोटून घेतलं.

१ सप्टेंबर
घरोघरी डास. बेडकांची पिल्लं राहिली नाहीत, डासांच्या अळ्या कोण खाणार? हे लोकांना सांगावं तर म्हणतात, तुला माणसांपेक्षा बेडकं जास्त. तसं आहे का? मलाच कळेनासं झालंय.

४ सप्टेंबर
मॅडमचा फोन आला. बेडकांत विष सापडलं, पण ते कपाशीवर फवारायचं नाही. दाणेदार औषध आहे, मातीत मिसळायचं, मुळांच्या किडीसाठी. कपाशीच्या बाजूच्या बाटलीत त्याचा मागमूस नाही. सगळ्यात जास्त निघालं ते मी रोज पाण्यात उतरते त्या काठाला.

म्हणजे कल्याणकाका नाहीत. मग कोण? नेमकं मी उतरते तिथेच का? माझ्यावर कुणाचा राग आहे? काम बंद पाडायचंय कुणाला? दिवसभर एकेक चेहरा आठवत बसले. गावात सगळेच संशयित वाटायला लागले, हे काही खरं नाही.

जेवताना दादांना सगळं सांगितलं. ते अर्ध्या ताटावरून उठले.

५ सप्टेंबर
सकाळी चहा पिताना दादा स्वतःच बोलले. "अद्रकाच्या मुळाला टाकायचं औषध उरलं होतं, तेच पाण्यात टाकलं. बेडकं न्हाई राह्यली तर साप येणार न्हाईत, असं वाटलं मला. तू रोज त्याच पाण्यात उतरती, प्रीती."

मला रागावता आलं नाही. रडताही आलं नाही. कल्याणकाकांकडे जायचंय, एवढंच मी म्हणाले.

दादा चप्पल घालून दारात उभे आहेत.