नळी घालायची की नाही

६ जानेवारी, सोमवार
सकाळी दोन घास मऊ भात. दुपारी तसाच बाहेर. वजन छत्तीस.
डॉ. आज स्पष्टच बोलले. जठर अन्न पुढे ढकलत नाही, कारण सापडत नाही, औषधं करून झाली. आतडी मात्र चांगली आहेत, तर जठर वगळून थेट आतड्यात अन्न सोडू. आधी नाकातून नळी घालून बघायचं. सोसलं तर पोटाला छोटं भोक पाडून तिथून कायमची. कायमची म्हणजे? विचारलं. म्हणाले, गरज असेपर्यंत.
कासारवाडीला घर येईपर्यंत संदीप गाडीवर एक शब्द बोलला नाही. लग्नाला नऊ वर्षं झाली. हा माणूस गप्प बसतो तेव्हा त्याचं ठरलेलं असतं.

८ जाने., बुधवार
आई लातूरहून आली. नळीचं ऐकलं आणि म्हणाली, "तुझ्या दादांला बी घातली होती. उठले का?" दादा, माझे वडील, गेले तेव्हा नाकात नळी होती. त्यांचा आजार वेगळा होता, असं संदीपने समजावलं. तिने ऐकून घेतलं आणि मुगाचं कढण करायला उठली.
तीन चमचे प्यायले, तिच्यासाठी. मग बेसिनचा नळ सोडून ओकले. तिला आवाज जाऊ नये म्हणून.

११ जाने., शनिवार
कामावर चक्कर येऊन पडले. तळवड्याचं आमचं छोटं युनिट, रबरी सील तपासायचे, बसून काम. तेही झालं नाही. शुद्धीवर आले तेव्हा शेजारच्या टेबलावरची वैशाली पाय चोळत होती. मॅडम म्हणाल्या, बरी झाल्यावरच ये.
बरी झाल्यावर.
संध्याकाळी ॲडमिट.

१४ जाने., मंगळवार
नाकातून नळी घातली. घसा सोलल्यासारखा. पिशवीतून पांढरट पाणी थेंब थेंब. चव नाही, वास नाही, जेवल्यासारखं काहीच नाही.
संक्रांत. सिस्टर वॉर्डात तिळगूळ वाटत आल्या, माझ्यापाशी थबकल्या, पुढे गेल्या. त्यांचं काय चुकलं?

१६ जाने., गुरुवार
हात गरम आहेत. कित्येक महिन्यांनी. बाथरूमपर्यंत एकटी गेले. संदीपला सांगितलं नाही. सांगितलं की ठरलंच.

१७ जाने., शुक्रवार
मोठी उलटी झाली. नळीचं आतलं टोक तोंडातून बाहेर आलं, दुसरं नाकातच. संदीपच्या समोर. पुन्हा घालायला आल्या तेव्हा मी सिस्टरचा हात धरून ठेवला. नको म्हणाले. मेले तरी चालेल, असंही म्हणाले. संदीप उठून बाहेर गेला. परत आला तेव्हा तोंड धुतलेलं होतं.

२० जाने., सोमवार
घरी. नाकातली नळी मी पुन्हा घालू दिली नाही, सलाईन घ्यायला रोज दवाखान्यात जायचं. डॉ. म्हणतात पोटातली नळी अशी वर येणार नाही. येत्या सोमवारी ऑपरेशन करता येईल, शनिवारी दुपारपर्यंत कळवा. सलाईनवर किती दिवस काढणार, असंही म्हणाले.
संदीप चाकणला सेकंड शिफ्टला निघाला होता. दारात बूट घालता घालता, खाली बघूनच म्हणाला, "तू जेवली नाहीस तरी चालंल मला. तू राहा फक्त."
मला नाही चालणार, हे ओठांवर आलं होतं. तो गेल्यावर भिंतीला बोलले.

२२ जाने., बुधवार
दुपारी दार नुसतं लोटलेलं दिसलं. बाहेर आई जिन्याच्या पायरीवर पाठमोरी बसून भाकरी खात होती, ताटली मांडीवर. वरची बाई उतरली तशी अंग चोरून तिला वाट दिली.
वासाने मला मळमळतं म्हणून फोडणी बंद, एवढं माहीत होतं. संदीप कंपनीच्या कॅन्टीनला जेवून येतो, तेही. पण आईने जिन्यात...
हाक मारली नाही. आत येऊन पडले.
नळी घातली तर हे संपेल, की हेच कायमचं होईल? कमरेला पिशवी लावून लग्नात, बारशात, लोक पंगतीत आणि मी खुर्चीवर. नुसतं जिवंत ठेवलेलं. आणि नाही घातली तर काय होतं ते आरशात रोज दिसतं. दोन्हीकडे भिंतच.

२४ जाने., शुक्रवार
आईने केस विंचरून दिले. कंगव्यात भरपूर आले, ते तिने मुठीत दडवले. मग मागूनच म्हणाली, "ते पातळ कसं सोडायचं असतं ते मला दावा म्हण डॉक्टरला. हात धुऊन सोडीन मी."
मी म्हटलं, दादांचं काय मग.
तिने कंगवा पुन्हा कपाळापासून मागे ओढला.
"ते जायला निघाले होते. तू कुठं निघालीस?"
रडू आलं नाही, अंगात तेवढं पाणी नसेल. वेणी घालायला लागली, तीही बोटाएवढीच झाली.
संदीप आल्यावर ती त्याला विचारत होती, नळीवाल्यांना अंघोळ घालता येते का. दोघं धरून चाललेत, मी हो म्हणणार. मी म्हटलेलं नाही. नाहीही म्हटलेलं नाही.
उद्या दुपारच्या आत फोन करायचा. मीच करणार, संदीपला करू देणार नाही. काय सांगणार ते फोन लागला की ठरेल.