दोन वाट्या तांदूळ अन् रोपवेचा चौकीदार

खुर्सीपार, भिलाई
मंगळवार, दुपारचा चहा झाल्यावर

कांताबाई,

तुले, जावईबापूले अन् घरच्या लहानमोठ्या सगळ्याइले पंचफुलाचा जयभीम. मी इकडे ठीक आहे. गुडघे दुखते, पण ते तं राजदीपच्या लग्नापासून दुखून राहिले, त्याची बातमी नाही. जावईबापूची शुगर कशी आहे? सुनेचा राग उतरला का? म्हैस दूध देऊन राहिली का नुसतीच खाऊन राहिली? अन् घरी कोणी पाहुणा आला असन तं त्याचीही तब्येत कळवजो. आला असन तं. मी काही विचारून नाही राहिली.

तुले वाचता येत नाही हे मले माहीत आहे, अन् मले लिहिता येते ते चौथीपर्यंतचंच, म्हणून अक्षर मोठं काढलं. नातीच्या कॉपीचे पानं फाडले. तिकडे तुमसरले हे पत्र तुले कोण वाचून देईन ते मले माहीत नाही. (जो कोणी वाचून देऊन राहिला त्यानं सगळं वाचावं, आपल्या सोयीचं गाळू नये, अन् आधी चष्मा पुसून घ्यावा.) फोन कावून नाही केला म्हणशील. परवा केला होता ना. मी विचारलं, "कांताबाई, तुहा भाऊ तिकडे आला का वो?" तू म्हटलं, "नाही वो वहिनी, इकडे तं कोणीच नाही आलं." तेवढ्यात मागून कोणीतरी खोकललं. तू म्हटलं, म्हैस आहे. कांताबाई, अठ्ठेचाळीस वर्षं मी त्या म्हशीच्या बाजूले झोपली आहे. मले तो खोकला ओळखता येते.

अन् तुह्या सुनेनं मोबाईलवर नव्या साडीचा फोटो टाकला तोही मी पाहिला. साडी चांगली आहे, रंग तिले खुलते. साडीच्या मागं खाट आहे, खाटेखाली टार्च आहे, टार्चीले लाल इन्सुलेशन टेप आहे. ती टेप मी लावली आहे. पुढच्या वेळी कोणाले लपवशील तं सामान आधी लपव.

आता झालं काय ते पहिल्यापासून सांगते, कारण तिकडे कोणी आलाच असन तं त्यानं आपल्या बाजूनंच सांगितलं असन. आपल्या राजदीपची पोरगी दीक्षा, भिलाई-3 ले राहते, कॉलेजात शिकते, ती मागच्या महिन्यात आली अन् आमच्या टीव्हीले आपल्या मोबाईलचं काहीतरी जोडून गेली. म्हणे, "दादी, आप दोनों दिनभर झगड़ते रहते हो, कुछ देखा करो." आठ भागाची एक मालिका लावून देल्ली. (आता आम्ही पाहून भांडतो. पहिले विषय शोधावा लागत होता.)

मालिका पहाडातली आहे. तिथं एक रोपवे आहे, आपण डोंगरगढले बसलो होतो तसा. तू पूर्ण रस्ताभर डोळे मिटून माहा हात दाबून बसली होती अन् खाली उतरल्यावर जावईबापूले सांगितलं का काय सुंदर दिसलं म्हणून. पण मालिकेतला रोपवे वीस वर्षांपासून बंद आहे. बंद आहे तरी रोज संध्याकाळी वरून एक रिकामा डबा खाली येते. डबा आला का घंटी वाजते. खाली एक चौकीदार आहे, तो डबा उघडून पाहते, आत कोणी नाही, दार लावते, डबा वापस जाते. वीस वर्षं त्याची हीच नोकरी. घरी त्याची बायको भात रांधते. मधात मधात एक बकरी येते, तिच्या गळ्यात टेलिफोन बांधला आहे, तो वाजते अन् कोणी उचलत नाही. घड्याळ उलटं चालते. एक पोलीस तपासाले येते, तं चौथ्या भागात त्याची सावलीच हरवते अन् तो चोराचा तपास सोडून सावलीचा तपास करते. मी म्हटलं, लिहिणारा काय खाऊन बसला होता? पण खरं सांगते कांताबाई, उठवल्या जात नव्हतं. रोज दुपारी जेवण झालं का एक भाग. बुढा खुर्चीवर, मी खाली, मधात शेंगाची टोपली.

सातव्या भागात तो चौकीदार स्वतःच रिकाम्या डब्यात बसते अन् वर धुक्यात निघून जाते. आठव्यात सारं गाव त्याले शोधते, सापडत नाही. अगदी शेवटी त्याची बायको चूल पेटवते, दोन वाट्या तांदूळ धुऊन पातेल्यात टाकते. घंटी वाजते. ती दार उघडते, बाहेर पाहते, एक पाऊल बाजूले सरकते, अन् अंधार. नावं चालू. दाराबाहेर कोण होतं ते दाखवलंच नाही! मले वाटलं लाईट गेली. पंख्याकडे पाहिलं, तं पंखा चालू.

मी लगेच दीक्षाले फोन केला. म्हणे, "दादी, वो ऐसा ही है. अपना-अपना मतलब निकालो." मी म्हटलं, आठ दिवस आम्ही बसलो अन् मतलबही आम्हीच काढायचा, तं लिहिणारा कायले होता? मग तिनं आपलं काढलं. म्हणे, सगळं त्या बाईच्या डोक्यात चालू आहे, चौकीदार नाही, रोपवे नाही, बकरी नाही. मी म्हटलं, बाई, डोक्यात इतकं चाललं असतं तं भात करपला असता. त्या बाईचा भात करपला नाही, मी डोळे फाडून पाहिला.

आता तुह्या भावाचं ऐक. (वाचणाऱ्यानं इथं आवाज वाढवू नये.) छत्तीस वर्षं स्टील प्लांटात क्रेनवर होता. तिथला कायदा असा का पुढच्या पाळीचा माणूस, त्याले ते रिलीव्हर म्हणते, तो आल्याशिवाय अन् रजिस्टरमध्ये लिहून चार्ज देल्याशिवाय जागा सोडायची नाही. हा कायदा बुढ्याच्या हाडात बसला आहे. रिटायर होऊन अकरा वर्षं झाले, तरी मी बाजारात गेली का हा दार सोडत नाही. मी आली का उभा राहून सांगते, "गॅस बंद, मोटर बंद, दूध आलं," अन् मगच पान खायले जाते. तं त्याचं म्हणणं असं का दाराबाहेर नवा चौकीदार होता. रिलीव्हर. सातव्या भागात जुन्यानं डब्यात बसायच्या आधी रजिस्टरमध्ये लिहिलं, चार्ज सोडला, आता तो काही वापस येत नाही. मामला खतम.

माहं म्हणणं, दाराबाहेर नवराच होता. कावून? दोन वाट्या. एकटी बाई एक वाटी टाकते. दोन टाकल्या म्हणजे तिले माहीत होतं का तो येऊन राहिला. याच्यात रजिस्टर पाहायची गरज नाही, पातेलं पाहिलं तं पुरते. बुढा म्हणे, पातेलं कागद नाही. मी म्हटलं, कागद खाऊन दाखवा.

तीन दिवस हेच चाललं. मग त्यानं इन्क्वायरी बसवली. प्लांटात काही झालं का कमिटी बसते, साक्षी होते, कागद बनते, तसं. इतवारी सकाळी आमच्या दारच्या कडुनिंबाखाली चार खुर्च्या टाकल्या. अध्यक्ष प्रेमानंदभाऊ, ते बुढ्यासोबतच रिटायर झाले, पहिले युनियनमध्ये होते म्हणून समोर दोन माणसं असले तरी "साथियो" म्हणूनच सुरू करते. मेंबर आमचा शेजारी टिकाराम. दोघांनीही या कामासाठी दोन दिवसात आठही भाग पाहून टाकले. टिकारामले मत विचारलं तं म्हणे, "भौजी, मोला त लागथे, वो बोकरी ह सब जानत हे." बकरीले सगळं माहीत आहे म्हणे. प्रेमानंदभाऊनं तेही कागदावर लिहून घेतलं, कारण ते खरंही असू शकते.

मग माही साक्ष. प्रेमानंदभाऊनं विचारलं, वहिनी, सातव्या भागात चौकीदारानं रजिस्टरमध्ये लिहिलं ते तुम्ही पाहिलं का? मी म्हटलं, मी नाही पाहिलं, अन् यांनीही नाही पाहिलं, कारण सातव्या भागात हे झोपले होते. मान खाली, तोंड उघडं, हातात शेंगेचं टरफल. बुढा म्हणे, "डोळे मिटले होते. झोपलो नव्हतो." टिकाराम हसला. टिकाराम हसला म्हणून मले जोर चढला, अन् मी म्हटलं, "ड्यूटीवरही असेच डोळे मिटत असान. छत्तीस वर्षं कोणाच्या डोक्यावर लोखंड पडलं नाही ते नशीबच म्हणावं."

मग कोणी हसलं नाही. टिकारामही नाही. प्रेमानंदभाऊनं पेनाले टोपण लावलं. बुढा उठला, आत गेला, थैली अन् टार्च घेऊन बाहेर आला, माह्यासमोर उभा राहिला अन् म्हणाला, "गॅस बंद. मोटर बंद. दूध यायचं आहे." अन् गेला. मले वाटलं पान खायले चालला, थैली कायले पाहिजे ते माह्या ध्यानात आलं नाही. प्रेमानंदभाऊ पावर हाऊस स्टेशनापर्यंत "साथी, वापस चलो" करत मागं मागं गेले. तुहा भाऊ गोंदियाकडच्या गाडीत बसला. म्हणजे तुह्याकडेच. दुसरी बहीण त्याले नाही.

आज नऊ दिवस झाले. माहं काही म्हणणं नाही. राहायचं तितकं राहावं. इकडे लय शांती आहे. रिमोट माह्या हातात आहे, शेंगाची टोपली पूर्ण माही आहे, मोटर चालू ठेवून मी झोपली तं टाकी भरून अंगणात तळं झालं तरी बोलणारं कोणी नाही. दोन वेळा झालं. प्रेमानंदभाऊ भाचीच्या लग्नाले तुमसरले येऊन राहिले, त्यांच्याच हाती हे पत्र देते. गुरुवारी सकाळच्या गाडीनं ते वापस निघते. सहज सांगितलं.

तुही वहिनी,
पंचफुला

ता. क. पाकिटात बीपीच्या गोळ्याची पट्टी टाकली आहे. ज्याची असन त्यानं सकाळी एक घ्यावी. म्हशीले देऊ नको.

ता. क. दुसरा. काल दीक्षा आली होती. तिच्याकडून मी सातवा भाग पुन्हा लावून घेतला अन् शेंगा न घेता बसली. रजिस्टर आहे. चौकीदार खिशातून पेन काढते, रजिस्टर उघडते, अर्धा मिनिट लिहिते, बंद करते, मग डब्यात बसते. त्या वेळी मी कुठं होती ते मले आता आठवलं. दारावर भाजीवाला आला होता अन् मी मुळे पाहून राहिली होती. म्हणजे न पाहणारी मीच. डोळे मिटून त्यानं ते कसं पाहिलं हे मले समजलं नाही, पण पाहिलं. राजदीप झाला त्या दिवशी रिलीव्हर आला नाही म्हणून हा माणूस सोळा घंटे क्रेनवर बसून राहिला, खाली उतरला नाही. दवाखान्यात मी त्याले येतील तितक्या शिव्या देल्ल्या, पण झोपला असन असं मी त्या दिवशीही नाही म्हटलं. इतवारचं मी टिकारामच्या हसण्यावर बोलली, मनातलं नाही बोलली. हे मी आज सकाळी त्याच कडुनिंबाखाली टिकाराम अन् प्रेमानंदभाऊसमोर मोठ्यानं सांगितलं. प्रेमानंदभाऊनं कागदावर लिहून घेतलं अन् माही सही घेतली. कागद त्यांच्या खिशात आहे. मागितला तं दाखवतील. (वाचणाऱ्यानं इथं हसू नये.)

ता. क. तिसरा. आता एक अडचण आहे. बुढा गेला त्या दिवसापासून मी रोज दोन वाट्या तांदूळ टाकून राहिली. येणार म्हणून नाही. हात टाकते. पातेलं चढल्यावर मले समजते, अन् मग भिजलेले तांदूळ कोण काढते? परवाचा भात टिकारामच्या गाईनं खाल्ला, कालचा मी सकाळी फोडणी देऊन खाल्ला, आजचा झाकून ठेवला आहे. म्हणजे त्या मालिकेतल्या बाईनं दोन वाट्या टाकल्या याचा अर्थ तो येऊन राहिला असा होत नाही. माही साक्ष गेली. पण त्या रजिस्टरात काय लिहिलं ते काही दाखवत नाही, मी टीव्हीजवळ नाक नेऊन पाहिलं. म्हणजे चार्ज सोडला असाही अर्थ होत नाही. त्याचीही साक्ष गेली. दाराबाहेर कोण होतं ते आता कोणालेच माहीत नाही. इन्क्वायरी अर्धी पडली आहे, अन् एक बाजू गैरहजर असली तं कमिटी बसत नाही असं प्रेमानंदभाऊ म्हणते.

म्हणून जो कोणी हे वाचून देऊन राहिला त्यानं नीट ऐकावं. गॅस बंद. मोटर बंद. दूध आलं. नऊ दिवस झाले, माहा रिलीव्हर आला नाही.

ता. क. चौथा. कांताबाई, ते वरचं तुह्यासाठी नव्हतं. तुह्यासाठी एवढंच का ती खोकलणारी म्हैस गुरुवारी प्रेमानंदभाऊच्या बाजूले गाडीत बसवून देजो. खिडकीची जागा दे. टार्च विसरू देऊ नको.