मुक्या पडद्याबद्दल

आधी तक्रार, मग आशीर्वाद. तुझं मशीन माणूसघाणं आहे.

चि. भिंगरीस, आजीचे आशीर्वाद (तक्रार मिटल्यावर लागू होतील). वेळेवर जेवतेस ना? मी ठणठणीत. आजोबांचा उजवा डोळा गेलाच, डावा दोनेक महिने साथ देईल म्हणे. तेवढ्यात त्यांना आपले फोटो पडद्यावर मोठे बघायचेत, आणि इथेच घोडं अडलंय. तू त्यांच्या स्टुडिओतल्या सहा हजार निगेटिव्ह मशीनला खाऊ घातल्यास, "प्रोग्राम फोटो स्वच्छ करेल, हात लावू नका" म्हणालीस आणि बॅग उचलून गेलीस. मागे काय? काळा पडदा आणि कोपऱ्यात लुकलुकणारा पांढरा ठिपका. दुसऱ्या दिवशीही तोच ठिपका. अगं, कुकर शिट्टी देतो, कपड्यांचं मशीन उरलेली मिनिटं दाखवतं (तुझा बापसुद्धा काम करताना निदान कण्हतो), आणि हे शहाणं तोंडात मिठाची गुळणी धरून बसलेलं! शेवटी बंद पडलंय समजून आजोबांनी प्लग उपटला. लावला, तर पुन्हा पहिल्या फोटोपासून. असं तीनदा. नऊ दिवस पाण्यात. (त्यांना बोलू नकोस. चाळीस वर्षं अंधाऱ्या खोलीत फोटो धुतले त्यांनी, पण तिथेही कागदावर आधी मिशी उमटायची, मग नाक. काम चाललंय हे दिसायचं.)

तेव्हा मी सांगते तसं कर. एकेक फोटो झाला की पडद्यावर एक ओळ येऊ दे: किती झाले, किती उरले, किती वेळ लागेल. वेळ माहीत नसेल तर सरळ "माहीत नाही" म्हणावं, गवंड्यासारखं "झालंच, उद्या" नको. आणि बंद पडलं तर थांबलं तिथून उचलावं. एक टाका सुटला म्हणून कुणी अख्खा स्वेटर उसवतं का? अक्षरं कमी ठेव, आकडे जास्त. शाळा तिसरीत सुटली माझी, पण आकड्यांत मला अजून कुणी फसवलेलं नाही.

तुझी आजी

ता. क. प्लग आजोबांनी नाही, मी उपटला. तिन्ही वेळा. एकदा तर मिक्सर लावायला.

आणखी ता. क. ओळीत निगेटिव्हच्या पाकिटावरचा नंबर हवाच. काल सहज एका पाकिटावरचा दोन हजार एकशे चार वाचला, तर म्हातारा पाठमोराच म्हणाला, "न्हाव्याची थोरली. डोळे मिटले होते कार्टीने, दुसरा काढावा लागला." म्हणजे डावाही गेला तरी मी नंबर वाचेन, ते फोटो बघतील. माझ्यामागची भुणभुण तरी थांबेल.

या पत्राला उत्तर तू द्यायचं नाहीस, तुझ्या आईनेही नाही. पडद्याने द्यायचं.