समुद्र असा वागत नाही

३ मार्च

चि. धाकटीस, अ. उ. आ.

कालवांच्या पिल्लांची तिसरी खेपही मेली. भिंगाखाली पाहिलं, तर शिंपले धड धरलेच नव्हते. टाकीत समुद्राचं पाणी घेण्याआधी दर वेळी तुमच्या कार्यालयाचं संकेतस्थळ पाहिलं होतं. हिरवा दिवा! सामू (pH) आठ, पाणी उत्तम! तुझी वहिनी म्हणते, समुद्रात सोडलेल्या तुमच्या एवढ्या महागड्या यंत्रापेक्षा आपलं मांजर बरं, निदान हुंगून तोंड तरी फिरवतं. आता एकच खेप उरली. ती गेली की हॅचरीला कुलूप. यंत्र खोटं बोलतं की तुम्ही?

लोभ आहे, उत्तर आल्यावर किती उरतो ते पाहू.

तुझा दादा

११ मार्च

ती. दादास, सा. न. वि. वि.

यंत्राला नावं ठेवू नकोस. बोटीने जाऊन हाताने बाटल्या भरून आणल्या, प्रयोगशाळेत तपासल्या; यंत्राशी तंतोतंत जुळल्या. मग त्याच्या पोटातल्या जुन्या नोंदी उघडल्या. तुझी पिल्लं मेली त्या तिन्ही वेळा सामू साडेसात, म्हणजे पाण्यात आम्ल इतकं वाढलेलं की शिंपला धरूच नये! पण आमच्या संगणकात पावणेआठच्या खालचा आकडा आला, की तो बिघाड समजून फेकला जातो आणि त्या जागी आदला चांगला आकडा चिकटतो. म्हणजे समुद्र जितका नासेल, तितका अहवाल देखणा!

साहेब म्हणाले, समुद्र असा वागत नाही. जणू तो यांच्या हाताखाली नोकरीला आहे! मी कडाकडा भांडले. त्यांनी शांतपणे फाइल काढून ती मर्यादा ठरवणाऱ्याची सही दाखवली. सही माझी, नऊ वर्षांपूर्वीची. तेव्हा आकडा इतका खाली कधी गेलाच नव्हता.

मर्यादा बदलायला समिती बसेल म्हणे, सहा महिन्यांनी. तोवर यंत्राचे कच्चे आकडे रोज मी तुला कळवणार. कोणी विचारलं, तर तेही सहीनिशी सांगेन.

लोभ ठेव म्हणायला आज तोंड नाही.

धाकटी

२ एप्रिल

चि. धाकटीस, अ. उ. आ.

पाणी घेऊ नकोस, हा तुझा निरोप आला तेव्हा संकेतस्थळावर दिवा हिरवागार होता. चार दिवस झडप बंद ठेवून जुनंच पाणी फिरवलं. वहिनी टाकीशी खुर्ची टाकून पहारा देत होती. मला झडपेला हात लावू देईना. पिल्लं जगली.

सोबत डबी पाठवतोय. तिसऱ्या खेपेची मेलेली पिल्लं आहेत. समितीच्या टेबलावर ठेव आणि साहेबांना म्हणावं, हा बिघाड आता फेकून दाखवा.

तोंड नाही म्हणतेस? लहानपणापासून घरात तेवढंच ऐकू येतंय. तिथे मिटू नकोस. लोभाचं मी बघतो.

तुझा दादा