महाराज आजच बसवू

आक्का,

क्रांतीला आणाया मिरजेला निघालोय. दवाखान्यातनं फोन आलता, आता घरीच न्या म्हणाले. म्हंजी काय ते तुला कळंल. पोरांस्नी मातर मम्मी बरी हून येतीया असंच वाटतंय. तुला रडायचं असंल तर आत्ताच रडून घे, त्यांच्याम्होरं न्हाई.

पोरांचा दिवाळीचा किल्ला ऐन दारात हाय. तिथनं स्ट्रेचर जायाचं न्हाई, तरी मोडू नगंस. मागच्या दारातनं आत घेऊ. खाट सोप्यात म्होरल्या दाराला भिडवून टाक, म्हंजी तिचा हात किल्ल्यापतुर पोचंल. ओवीनं त्यावर हळीव पेरलाय आन् सारखं पाणी वततीया, तिला वरडू नगंस.

महाराजांची मूर्ती शिवतेजनं मम्मीच्या वढणीत गुंडाळून कपाटात ठेवलीया. दरसाल वसुबारसंला तीच गडावर बसवती. डॉक्टरांनी तवरची बी खात्री दिली न्हाई, म्हणून आजच बसवू. तिच्या बोटांत जोर न्हाई. तू खालनं तिचा हात धर, पोरांस्नी कळाया नगं.

चिखल अजून ओला हाय, आजच का, असं शिवतेज इचारंल. म्हणावं, मम्मीला धीर निघंना.

सयाजी