आधी रंग, मग नंबर

प्रिय महेश,

तुझं वर्षश्राद्ध मागच्या आठवड्यात झालं. वडे, काळ्या वाटाण्याचं सांबारं, खीर, सगळं तुझ्या आवडीचं केलं. कावळा लगेच शिवला. शेजारच्या बायका म्हणाल्या, आता त्याच्या मनात काही राहिलं नाही. तुझ्या मनात नसेल राहिलं, पण माझ्या मनात कालपासून एक गोष्ट राहिली आहे. ती आईला सांगता येत नाही, दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकांना तर नाहीच नाही. म्हणून तुला लिहायला बसले. तू आता कुणापाशी बोलायला जाणार नाहीस, एवढी खात्री आहे.

सुरुवात तुझ्या त्या मैदानापासून करावी लागेल.

चार दिवसांपूर्वी तुझी रविवारी खेळायला जमणारी मंडळी माझ्या टेलरिंगच्या दुकानात आली. पावसाने मैदानातल्या टोपल्यांवरच्या पट्ट्या कुजून गेल्या, ताई, नवीन शिवून द्या, म्हणाले. मी म्हटलं, देते की, पिवळं, लाल, निळं कापड पडलंय माझ्याकडे. तर सगळे एकमेकांची तोंडं बघायला लागले. शेवटी एकाने धीर केला. "ताई, आम्ही विचार केला, आता एकच रंग ठेवूया. एक ते नऊ, सरळ. तीन-तीन नंबरांचा घोळ नको ना. परत तसं काही व्हायला नको."

तसं काही म्हणजे तू. मी त्यांना चहा पाजला आणि विचार करून सांगते म्हणाले.

आठवतं का तुला, कंपनीने मशिनच्या ट्रेनिंगला परदेशात पाठवलं आणि तू बॅग भरून प्लास्टिकच्या ताटल्या घेऊन आलास? मला वाटलं होतं निदान एखादी चांगली कात्री आणशील. आई दारातच म्हणाली, "अरे ताटल्यो कसल्यो उडवतंस? पोट भरतला काय तेना?" तू तिला डिस्क गोल्फ समजावत बसलास. चौथऱ्यावर उभं राहायचं, लांबच्या टोपलीकडे ताटली भिरकावायची, पडेल तिथून परत भिरकावायची, टोपलीत जाईपर्यंत. ज्याच्या फेकी कमी, तो जिंकला. आईने सगळं ऐकून घेतलं आणि भात टाकायला गेली.

मग तू साहेबांच्या मागे लागून लागून कंपनीची मागची पडीक जागा मिळवलीस. विक्रोळीत एवढी जागा रिकामी आहे हे मलाच खरं वाटेना. एका बाजूला कंपाउंडची भिंत, दुसऱ्या बाजूला खारफुटी, मधून नाला. भंगारातल्या सायकलच्या रिमा, त्यांना लोंबत्या साखळ्या आणि खाली जाळीची टोपली, अशा नऊ टोपल्या तू आणि दिनेशने वेल्डिंग करून उभ्या केल्या. खात्यात तुझ्या शेजारच्या मशिनवर उभा राहणारा तुझा दिन्या. तुम्हा दोघांना लोक जोडगोळी म्हणायचे.

नऊ टोपल्यांवर गप्प बसशील तर तू कसला! त्याच नऊ टोपल्यांवर तू तीन खेळ रचलेस. पिवळा पोरांसाठी आणि माझ्यासारख्या गुडघेदुखीवाल्यांसाठी, लाल बाकीच्यांसाठी आणि निळा तुझ्यासारख्या येड्यांसाठी. चौथरे वेगळे, वाटा वेगळ्या, टोपल्या त्याच. प्रत्येक खांबावर पत्रा आणि पत्र्यावर तीन रंगांत तीन नंबर. भिंतीजवळच्या शिरीषाखाली जी टोपली पिवळ्यात सात, तीच लालमध्ये दोन आणि निळ्यात चार. वाटा एकमेकींना छेद देऊन जायच्या. एका फाट्यावर तर तिन्ही यायच्या आणि तिथे पिवळ्याला आधी जाऊ द्यायचं, हा तुझा कायदा. पुढचा चौथरा ज्या बाजूला, त्या बाजूला त्या रंगाची पट्टी बांधायची. त्या पट्ट्या माझ्या, उरलेल्या ब्लाउजपिसांच्या.

पहिल्यांदा मला खेळायला घेऊन गेलास तेव्हा मी काय केलं होतं? टोपलीत ताटली टाकली, समोर चौथरा दिसला, चढले त्याच्यावर. तो निघाला लालचा. तिथून पुढे गेले आणि फिरून फिरून परत त्याच टोपलीशी आले. काखेत कळसा आणि गावाला वळसा. तू पोट धरून हसत होतास. "ताई, जवळ दिसतो तो चौथरा आपला नसतो. आपला रंग शोध."

आणि तो दुसरा कायदा. आधी रंग, मग नंबर. मैदानावर नुसता आकडा बोलायचा नाही. "पाचवर भेट" म्हटलं की तू ओरडायचास, "कुठल्या रंगाच्या?" नुसता नंबर बोलणाऱ्याने सगळ्यांना चहा पाजायचा. एकदा दिनेशकडून लागोपाठ तीन रविवार चहा उकळलास.

मग त्या दिवशी तुला काय झालं होतं रे?

सकाळभर तू नव्या लोकांना पिवळा शिकवत होतास. ते गेले. दिनेश मैदानावरच्या शेडमध्ये ताटल्या पुसत बसला. तू म्हणालास, एक चक्कर मारून येतो. थोड्या वेळाने त्याला तुझा फोन आला. "दिन्या, सातवर ये. छातीत दुखतंय."

सातवर. कुठल्या सातवर, महेश? लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. जन्मभर दुसऱ्याला दंड केलास आणि एकदाच, एकदाच स्वतः रंग सांगायला विसरलास. कळ आली असेल, शुद्ध नसेल, सगळं कळतं मला. तरी राग येतो. महिनाभर ॲसिडिटी ॲसिडिटी म्हणून गोळ्या चघळत होतास, त्याचाही येतो. मेलेल्या माणसावर रागवू नये म्हणतात. कोण म्हणतं त्याला माझ्याकडे पाठव.

दिनेश पळाला तो भिंतीजवळच्या पिवळ्या सातवर. तिथे तू नाहीस. फोन लावला, तू उचलला नाहीस. मग पाण्याच्या टाकीमागच्या लाल सातवर. तिथेही नाहीस. मग निळ्या. तू खांबाला टेकून बसला होतास आणि श्वास चालू होता. हॉस्पिटलात पोचेपर्यंत चालू होता.

नंतर डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "थोडं आधी आणायला हवं होतं." थोडं म्हणजे किती, मी विचारलं नाही. विचारून काय करणार होते? हे वाक्य मी कुणाला सांगितलं नाही. पण आईला कुणी सांगावं लागत नाही. सुतकाच्या दिवसांतच ती म्हणाली, "त्या दिनेशान माज्या झिलाचो घात केल्यान." त्यानंतर आमच्या घरात त्याचं नाव निघालं नाही.

तोही आला नाही. स्मशानात सगळ्यांच्या मागे उभा होता, तेवढाच. वर्षश्राद्धाला बोलावलं तरी नाही आला. त्याची बायको बाजारात भेटली तेव्हा सांगत होती, कामावर जातो, येतो, जेवतो, बोलत नाही. झोपेत पाय झाडतो, पळत असल्यासारखे. मला ते ऐकवेना. भाजी घ्यायची राहिली आणि मी घरी आले.

तर काल मी तिन्ही रंगांच्या पट्ट्या शिवून पिशवीत भरल्या आणि त्याच्या घरी गेले. म्हटलं, चल, मला वाट दाखव.

"ताई, मला नाही जमणार तिकडे यायला."

"आणि मला एकटीला जमेल असं वाटतं तुला?"

आला. पण शेडपर्यंतच. तिथे बाकड्यावर बसला तो उठेचना. बारीक झालाय रे, शर्ट खांद्यावरून ओघळतो त्याचा. खाली बघतच एकदम बोलायला लागला.

"माझ्या डोक्यात पिवळाच आला, ताई. सकाळपासून पिवळाच चालला होता ना. पण महेशचा सात म्हणजे निळा. दुसऱ्या कुठल्या सातला तो सात म्हणायचाच नाही. मला माहीत होतं यार. मलाच माहीत होतं." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "खरं सांगा. डॉक्टर काय बोलले? मी सरळ निळ्यावर गेलो असतो तर?"

मी म्हटलं, "पट्ट्या बांधून येते आधी." पिशवी उचलली आणि निघाले.

तुझा रंग म्हणून आधी निळा धरला, एकपासून; पिवळ्या आणि लाल पट्ट्या नंतर. दोनदा चुकले, पत्र्यावरचे नंबर वाचत परत आले. तुझा निळा म्हणजे माणसाला दमवायची युक्ती. भिंतीपर्यंत नेतो, टाकीला वळसा घालतो, परत फाट्यावर आणतो, मग फळीवरून नाल्यापलीकडे. गुडघे बोलायला लागले. सहा झाले आणि झाडीतून पुढे गेले, तर समोर टोपली. पत्र्यावर पिवळा तीन, लाल पाच, निळा सात.

मी तिथे आधी कधी आले नव्हते. म्हणजे तू गेल्यानंतर कधी आले नव्हते. खांबाजवळचं गवत इतर गवतासारखंच होतं. वाऱ्याने साखळ्या वाजत होत्या. मी खांबाला हात लावला. खाली बसले. परत जायची वाट कुठली तेही कळेना, सगळीकडे झाडं सारखीच. मी फोन काढून दिनेशला लावला. तुझा कायदा पाळला.

"दिनेश, निळा सात. ये."

फोन ठेवला. हातांना काहीतरी काम हवं म्हणून पिशवीतून निळी पट्टी काढली आणि खांबाला बांधायला घेतली. तुला माहीत आहे माझा हात किती चालतो. एका पट्टीला दोन गाठी. पहिली गाठ मारून ओढत होते आणि झाडीतून दिनेश समोर उभा.

महेश, शेड त्या झाडांच्या पलीकडेच आहे. फळी ओलांडली की झालं. तुझी वाट सगळं मैदान फिरवून आणते म्हणून मला वर्षभर वाटत होतं की तू कुठेतरी लांब, टोकाला पडला होतास. जवळ दिसतो तो आपला नसतो म्हणायचास ना? तो जवळच होता. तिन्ही सातांमध्ये तोच सगळ्यात जवळ होता. पिवळ्या सातची भिंत आणि लाल सातची टाकी, त्या दोन ठिकाणी पळून येण्यात तुझा जीव गेला. डॉक्टरांचं ते थोडं म्हणजे किती, ते मला त्या एका गाठीत कळलं.

दिनेश धापा टाकत विचारत होता, "ताई, काय झालं? बरं वाटत नाही?" चेहरा पांढरा पडला होता त्याचा. मी त्याच्याकडे बघितलं आणि मला दिसलं की माझ्या तोंडून पुढे काय येतं, त्यावर हा माणूस उभा राहणार आहे किंवा बसणार आहे.

"बस," मी म्हटलं. "मघाशी विचारलंस ना? डॉक्टर म्हणाले, झटकाच तसला होता. हॉस्पिटलच्या दारात आला असता तरी वाचला नसता. तू सरळ इकडे आला असतास तरी हेच."

"आईशपथ?"

"आईशपथ," मी म्हटलं.

तो खाली बसला आणि रडला. वर्षभराचं रडला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवून बसून होते आणि मला काही वाटत नव्हतं. म्हणजे वाटत होतं ते एवढंच की तुझ्या मरणाचा एक हिस्सा आत्ता माझ्याकडे आला आणि तो आता माझ्याकडेच राहणार.

थोड्या वेळाने त्याने डोळे पुसले. खांबावर अर्धी बांधलेली पट्टी लोंबत होती. तिच्याकडे बघत राहिला. मग हात पुढे करून उरलेली गाठ त्याने मारली. त्याला काय कळलं, काय नाही, मी विचारलं नाही. तिथून आम्ही दोघं शेडपर्यंत चालत आलो. बोलायला वाट पुरलीच नाही.

आईलाही हेच सांगितलं. खोटं बोलायचं तर सगळीकडे एकच बोलावं. ती म्हणाली, "मगे तेका येक दिस जेवक बोलव." येत्या रविवारी बोलावलंय. आई तिसऱ्यांदा वाढायला आली आणि तो नाही म्हणाला तर तिला काय सांगायचं, ते बघू.

मंडळींनाही कळवलंय. तीन रंग राहतील. एकच रंग केला तर जो तो विचारणार, का केला? आणि प्रत्येक वेळी दिनेशचं नाव निघणार. प्रत्येक पट्टीवर मी आता रंगाचं नाव टाक्याने शिवून देणार आहे, आधी रंग, त्याखाली नंबर. पावसात रंग उडाला तरी टाके राहतात.

आणि तुला वचन देते. त्या एका गाठीबद्दल मी कधी कुणाला सांगणार नाही, आईने शेवटच्या घटकेला विचारलं तरी नाही. दिनेश पुन्हा विचारेल, तो विचारणार हे मला माहीत आहे, तेव्हा मी पुन्हा शपथ घेईन. दरवर्षी पाऊस संपला की निळ्या सातची पट्टी मी स्वतः बांधेन आणि त्याच्यासमोर बांधताना हात हळू चालवीन, म्हणजे एका गाठीला किती कमी वेळ लागतो ते त्याला दिसणार नाही.

तुझी,
ताई