मिरीएवढी गाठ

सोमवार, ३
नव्या लिलावगृहात आज पहिला पुकारा केला. काय आवाज लागला! मागच्या रांगेत पेंगणारे दलालसुद्धा ताठ बसले. एकेकाळी अशाच आवारात पाठीवर कपाटं वाहायचो, लोक 'ए हमाल्या' म्हणायचे. आता तीच कपाटं नुसत्या गळ्यावर विकतो. माझ्याआधीचा पुकारणारा कोपऱ्यात बसून पावत्यांवर शिक्के मारतो. गळ्याच्या शस्त्रक्रियेपासून त्याची वाचाच गेलीय. पाटीवर लिहून मला सांगतो, गळा जपा. मी म्हटलं, आजोबा, माझा गळा काय काचेचा आहे? अख्खा हॉल हसला.

बुधवार, १९
आवाज बसला. घशाच्या डॉक्टरीणबाईंनी नळी घालून पडद्यावर दाखवलं : स्वरतंतूवर मिरीएवढी गाठ. कर्करोग नाही, जिवाला धोका नाही, ओरडून ओरडून येते म्हणे. काही दिवस पूर्ण मौन. कुजबुजायचंसुद्धा नाही, त्यानं उलट ताण पडतो. नाहीच विरली तर काढू. शिकलेल्यांचे चोचले! कुजबुजणं म्हणजे विश्रांतीच की. उद्यापासून माइकवर कुजबुजतो. मिरीला भिऊन घरी बसणाऱ्यांतला मी नव्हे.

शनिवार, २२
माझा कान तिखट. आज माझ्या कुजबुजीखाली दुसरा आवाज ऐकला. डॉक्टरीणबाईंना विचारलं. म्हणाल्या, गाठीमुळे कधीकधी दोन सूर निघतात. असतील. पण मी 'दोनवार' म्हणत होतो तेव्हा दुसरा 'तीनवार' म्हणाला.

मंगळवार, २५
मुकाट मौन धरलं. जेवताना बायको खुलली. अहो, आवाज सुटला की, किती गोड बोललात! माझं तोंड मिटलेलं होतं. मी काहीच—

गुरुवार, २७
बाईंना चिठ्ठी दिली : आजच काढा. गळ्यातून खणखणीत उत्तर गेलं, थट्टा केली हो, आता बरंय. त्या हसल्या. फाइल मिटली. मी हात जोडले— त्यांना वाटलं, आभार.

शुक्रवार, २८
म्हाताऱ्यानं पाटी पुढे केली : बोलायला लागला का तो? मी मान हलवली. त्यानं पुसून लिहिलं : माझाही लागला होता. गाठीसकट सगळा गळाच काढून घेतला.
सगळा— मग मी उरतो कोण?

शनिवार, २९
हॉल तुडुंब. तो पुकारतोय. मी नुसता उभा. टाळ्या. मग हळूच, फक्त मला ऐकू येईल असं— ए हमाल्या, ओझी वाहायची सवय आहेच तुला. आता मला वाहा.
लिहिता त्याला येत नाही. अजून तरी हात माझा—